उजेडाची वाटणी : बहुकेंद्री नेत्रभिंगाविषयी थोडेसे

बालरोगतज्ज्ञाने मोतीबिंदूच्या भिंगांवर लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या सुज्ञ वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. परंतु आपल्या भागात बाळाला दवाखान्यात घेऊन येते ती बहुधा आजी. बाळाचे वजन झाले, लस टोचून झाली, रडे थांबले, की आजी खुर्चीवरून न उठता पदर सावरीत स्वतःचा प्रश्न पुढे करतात. पूर्वी तो गुडघ्यांचा असे, आता डोळ्यांचा असतो. "सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन जातीची भिंगं सांगितलीत. पोरगा म्हणतो, महागातलं बसवू, चष्माच लागायचा नाही. तुम्ही काय म्हणता, डॉक्टरीणबाई?" करजगी, अफजलपूर, आळंद या पट्ट्यात वैद्यकी करणाऱ्या आपणा सर्वांनाच, मग आपली शाखा कोणतीही असो, हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. नेत्रतज्ज्ञ शहरात असतो आणि विश्वासाचा डॉक्टर गावात. म्हणून या भिंगांची रचना कशी असते हे मी मुळापासून समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कोणतेही भिंग उजेड निर्माण करीत नाही. बहुकेंद्री, म्हणजे मल्टिफोकल, भिंग डोळ्यात शिरलेल्या उजेडाची वाटणी करते. भावाभावांत शेताच्या वाटण्या होताना आपण पाहिल्या आहेत. बांध घातले की जमीन वाढत नाही, उलट बांधाखाली थोडी जातेच. या भिंगाचे सारे गुण आणि सारे दोष या एका गोष्टीतून निघतात.

निसर्गाने दिलेले भिंग वाटणी करीत नाही, ते आकार बदलते. दहा वर्षांच्या मुलाची समायोजन शक्ती तेरा-चौदा डायऑप्टरच्या घरात असते. वही नाकाजवळ आणली तरी त्याला अक्षर स्पष्ट दिसते आणि पुढच्याच क्षणी वर्गाबाहेरच्या झाडावरचा पोपटही दिसतो. वयानुसार भिंग ताठर होत जाते, चाळिशीपर्यंत ही शक्ती चार-पाच डायऑप्टरवर येते आणि साठीला जेमतेम एक उरते. मराठीने या अवस्थेला 'चाळिशी' असे वयाचेच नाव दिले आणि तेच नाव पुढे चष्म्यालाही पडले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. ते पारदर्शक असते, पण आकार बदलू शकत नाही. साधे एककेंद्री भिंग दूरचे स्पष्ट दाखवते आणि जवळच्यासाठी चाळिशी लावावी लागते.

हे 'साधे' भिंगही किती मोठी देणगी आहे, हे आपल्या पिढीला आठवत असेल. डॉ. एम. सी. मोदी (निधन २००५) यांनी कर्नाटकभर नेत्रशिबिरे घेऊन असंख्य लोकांना दृष्टी दिली. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर आत भिंग बसवीत नसत. बाहेरून दहा डायऑप्टरच्या आसपासचा जाड, बाटलीच्या बुडासारखा चष्मा देत. त्यातून वस्तू पाव पटीहून अधिक मोठी दिसे, दाराची चौकट वाकडी दिसे आणि बाजूने येणारी बैलगाडी एकाएकी समोर उगवल्यासारखी वाटे. चष्मा फुटला की पुन्हा आंधळेपण. वास्तविक हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजीच डोळ्यात प्लॅस्टिकचे भिंग बसवले होते. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही दाह होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. परंतु हा शोध आपल्या खेड्यापर्यंत यायला चार दशके लागली. १९९२ साली मदुराई येथे अरविंद नेत्र संस्थेच्या ऑरोलॅबने देशी भिंगे बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या आसपास मिळणारे भिंग दहा डॉलरच्या घरात आले. आज शिबिरातल्या रुग्णालाही भिंग बसते ते यामुळे.

आता बहुकेंद्री भिंगाकडे वळू. याची दोन घराणी आहेत.

पहिले घराणे अपवर्तनाचे. भिंगावर एकात एक वलये असतात. एक वलय दूरच्या नंबराचे, त्यानंतरचे जवळच्या नंबराचे, अशी आलटूनपालटून. अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेले 'ॲरे' हे तेथील पहिले बहुकेंद्री भिंग या जातीचे होते आणि त्यात अशी पाच वलये होती. रचना सोपी, पण अडचण बाहुलीची. मध्यभाग दूरच्यासाठी आणि जवळचे वलय त्याच्या बाहेर. म्हातारपणी बाहुली लहान होते, वाचनाच्या उजेडात आणखी आकुंचते, आणि नेमके वाचायच्या वेळीच जवळचे वलय बुबुळाआड जाते.

दुसरे घराणे विवर्तनाचे, आणि यातील बुद्धिचातुर्य खरोखर थक्क करणारे आहे. भिंगाच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात. पायऱ्या म्हटल्यावर दीपगृहातील फ्रेनेल भिंग डोळ्यांसमोर येते, पण दोहोंचे तत्त्व वेगळे आहे. दीपगृहातील प्रत्येक कडे स्वतंत्रपणे किरण वाकवते. येथे पायऱ्या इतक्या सूक्ष्म असतात की प्रकाशाचे तरंगरूप कामाला लागते. एका वलयातून आलेला तरंग शेजारच्या वलयातील तरंगाहून किंचित मागे पडतो, आणि पुढे हे सर्व तरंग दोन ठिकाणी एकमेकांना पूरक ठरतात. एक ठिकाण दूरच्या वस्तूचे, दुसरे जवळच्या. पायरी मुळीच नसेल तर सारा प्रकाश दूरच्या केंद्राकडे जातो. पायरी एका पूर्ण तरंगलांबीएवढा विलंब घडवील इतकी उंच असेल, तर सारा प्रकाश जवळच्या केंद्राकडे. अर्ध्या तरंगलांबीचा विलंब ठेवला की दोन्हींकडे समसमान वाटणी होते. प्रत्येकाच्या वाट्याला (२/π)², म्हणजे सुमारे ४०.५ टक्के प्रकाश येतो. दोहोंची बेरीज ८१. उरलेले १९ टक्के इतर निरुपयोगी केंद्रांकडे विखुरतात. बांधाखाली गेलेली जमीन ती हीच.

बारावीचे भौतिकशास्त्र आठवत असलेल्या वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. पायरीची त्रिज्या काढण्यासाठी पायरीच्या क्रमांकाची दुप्पट करून तिला तरंगलांबीने गुणायचे, भिंगातील जादा शक्तीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन आणि जादा शक्ती ४ डायऑप्टर धरली, तर पहिली पायरी केंद्रापासून ०.५२ मि.मी.वर येते आणि बारावी १.८२ मि.मी.वर. म्हणजे बारा पायऱ्यांचा एकूण व्यास ३.६ मि.मी. अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळालेल्या 'रेस्टॉर' भिंगावर ३.६ मि.मी. व्यासात नेमक्या बारा पायऱ्या होत्या! पुढे त्याच भिंगाची ३ डायऑप्टर जादा शक्तीची आवृत्ती आली. आपले गणित तेवढ्याच व्यासात नऊ पायऱ्या सांगते, आणि त्या नऊच होत्या. उंचीचेही तसेच. भिंगाच्या द्रव्याचा अपवर्तनांक १.५५ आणि डोळ्यातील द्रवाचा १.३३६, फरक ०.२१४. अर्धी तरंगलांबी ०.२७५ मायक्रॉन. भागाकार १.३ मायक्रॉनच्या जवळ येतो, आणि या भिंगावरील सर्वांत उंच पायरीची उंची १.३ मायक्रॉनच होती. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे असे घरबसल्या पडताळून पाहता येतात, याचा मला (औषध कंपन्यांची माहितीपत्रके वाचून कंटाळलेल्या डॉक्टरला) विशेष आनंद झाला.

त्या भिंगात आणखी एक खुबी होती. मध्यभागी १.३ मायक्रॉन असलेली पायरीची उंची कडेला जाताना ०.२ मायक्रॉनपर्यंत उतरत जाते. ३.६ मि.मी.च्या बाहेरचा भाग तर केवळ दूरचाच. माणूस वाचतो उजेडात, तेव्हा बाहुली लहान असते आणि मध्यभागातून समान वाटणी होते. रात्री रस्त्यावर बाहुली मोठी होते, तेव्हा कडेचा भाग उघडा पडून प्रकाशाचा मोठा हिस्सा दूरच्या केंद्राला मिळतो. गरजेप्रमाणे वाटणी बदलणारी अशी व्यवस्था माणसांच्या वाटण्यांत क्वचितच दिसते.

मग खोट कुठे आहे? दोन प्रतिमा एकाच दृष्टिपटलावर, एकाच वेळी पडतात, येथे. दूरच्या मोटारीचा दिवा पाहताना दूरच्या केंद्रातून त्याचा स्पष्ट ठिपका उमटतो. त्याच वेळी जवळच्या केंद्राकडे निघालेला प्रकाश त्याच जागी अस्पष्ट तबकडीसारखा पसरतो. बाहुली ४ मि.मी. आणि चष्म्याच्या जागी मोजलेला फरक २.५ डायऑप्टर धरला, तर ही तबकडी दिव्याभोवती साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसेल. रुग्ण ज्याला 'दिव्याभोवती खळं पडतं' म्हणतात, ते हे. दिवसा हीच अस्पष्ट प्रतिमा स्पष्ट प्रतिमेवर पातळ धुक्यासारखी पसरते आणि काळ्या-पांढऱ्यातील भेद थोडा फिका होतो. फळ्यावरची मोठी अक्षरे दिसतात, परंतु तिन्हीसांजेला बांधावरच्या वाटेतील खळगा, किंवा मातीच्या रंगाचे सरपटणारे काही, चटकन उठून दिसत नाही. तपासणीच्या खोलीतील प्रकाशित तक्त्यावर हा उणेपणा कळत नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अशा २० चाचण्यांचा विचार झाला होता. दूरची दृष्टी दोन्ही भिंगांत सारखीच. बहुकेंद्री भिंगात जवळचे चष्म्याविना अधिक चांगले दिसते आणि चष्म्यावरचे अवलंबन कमी होते. मात्र खळे दिसण्याची तक्रार सुमारे साडेतीन पट. कालांतराने मेंदू नको ती प्रतिमा दुर्लक्षू लागतो आणि बहुतेकांना काही महिन्यांत खळ्यांचा त्रास कमी जाणवतो. काहींना तो कधीच कमी होत नाही, आणि अशांपैकी थोड्यांचे भिंग काढून बदलावे लागते.

अंतराचाही विचार करावा लागतो. भिंगातील ४ डायऑप्टर चष्म्याच्या जागी साधारण ३.२ ठरतात, म्हणून जवळचे केंद्र ३१ सें.मी.वर येते. ३ डायऑप्टरचे केंद्र ४० सें.मी.च्या आसपास. आता आपल्या घरातील कामे मोजून पाहा. सुईत दोरा ओवणे ३० सें.मी., मोबाइल ४०. मांडी घालून ताटातील तूर निवडणे किंवा पाटावर ठेवलेली पोथी वाचणे ५० च्या पुढे, तव्यावरची भाकरी उलटणे ६० च्या आसपास. जुन्या द्विकेंद्री भिंगात नेमकी ही मधली पट्टी अंधुक राही. तीन केंद्रांची भिंगे या उणिवेतून जन्मली. 'फाइनव्हिजन' २०१० साली आले. 'पॅनऑप्टिक्स' युरोपात २०१५ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले, त्याची केंद्रे ६० व ४० सें.मी.वर आहेत. वाटेकरी तीन झाले, तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा आणखी घटला, हे ओघाने आलेच. केंद्रे वेगळी न करता एकच केंद्र लांबट ओढणारी भिंगेही आहेत. 'सिम्फनी' हे त्यातले एक, युरोपात २०१४ व अमेरिकेत २०१६ पासूनचे. खळी तुलनेने कमी, पण बारीक अक्षरांसाठी चष्मा बहुधा लागतोच.

आमच्या बालकांच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाला बहुकेंद्री भिंग नको. जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मि.मी. असते, प्रौढपणी ती २३-२४ होते. वाढत्या डोळ्याचा नंबर सतत सरकत असताना नेमकी केंद्रे कोणासाठी आखायची? शिवाय बाळाचा मेंदू पाहायला अजून शिकत असतो. स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही तर डोळा निरोगी असूनही दृष्टी कायमची मंद राहते. प्रौढाचा मेंदू धुके वजा करून घेईल, बाळाच्या मेंदूला ते धुकेच खरे वाटेल. तान्ह्या बाळांना आत भिंग बसवण्याचीही घाई नसावी. अमेरिकेत एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या ११४ अर्भकांचा अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात आत भिंग बसवलेल्या आणि बाहेरून स्पर्शभिंग वापरलेल्या मुलांच्या दृष्टीत फरक आढळला नाही, मात्र आत भिंग बसवलेल्या मुलांना अधिक वेळा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हे निष्कर्ष २०१४ सालचे. एका डोळ्याच्या जन्मजात मोतीबिंदूत पहिले सहा-आठ आठवडे मोलाचे असतात. म्हणून नवजात बाळाच्या बाहुलीत ऑफ्थॅल्मोस्कोपचा प्रकाश टाकून लाल प्रतिबिंब दोन्ही डोळ्यांत सारखे दिसते का, एवढे प्रत्येक प्रसूतिगृहात पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मातेला गरोदरपणी झालेला रुबेला हे या मोतीबिंदूचे एक कारण. गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नातेसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आपल्या कुटुंबांत एखाद्या मुलीची लस राहून गेली असेल, तर ती विचारून घ्यावी.

पुन्हा आजींकडे येते. बहुकेंद्री भिंग कोणाला मानवते? दृष्टिपटल निरोगी आहे, काचबिंदू नाही, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम केलेला नाही, डोळे फारसे कोरडे पडत नाहीत, वाचन-लेखनाची आवड आहे, रात्री वाहन चालवावे लागत नाही आणि स्वभाव थोडेफार चालवून घेण्याचा आहे, अशा व्यक्तीला. सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, घरी हिशेब पाहणारे व्यापारी यांच्यापैकी अनेकजण यावर मनापासून समाधानी असतात. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर रात्री मालमोटार चालवणाऱ्याला मात्र समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती चंद्र नको आहे. ज्याच्या दृष्टिपटलाला आधीच कमी समजते, त्याच्या वाट्याचा उजेड आणखी तोडणे तर अन्यायाचेच.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लोक मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबतात. भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजावी लागते. प्रकाशकिरणांनी मोजणारे यंत्र अत्यंत अचूक असते, पण पांढऱ्याशुभ्र पिकलेल्या मोतीबिंदूतून त्याचे किरण पार होत नाहीत. मग ध्वनितरंगांनी मोजावे लागते आणि त्यात चुकीला अधिक वाव राहतो. एककेंद्री भिंगात अर्ध्या-पाऊण डायऑप्टरची चूक चष्म्याने भरून निघते. बहुकेंद्री भिंगात तीच चूक सगळी केंद्रे सरकवते, चष्मा पुन्हा येतो आणि त्यासोबत खळीही. ज्याला महाग भिंग हवे आहे, त्याने पिकण्याची वाट पाहू नये.

मुलाच्या इच्छेबद्दलही सांगायला हवे. पुण्या-मुंबईत किंवा बंगळूरुला नोकरी करणाऱ्या मुलाला आईसाठी 'सर्वांत चांगले' करायचे असते. आईची दिनचर्या मात्र त्याला पंधरा वर्षांपूर्वीची आठवते. खर्चाचा आकडा मोठा असला की कर्तव्य पूर्ण झाल्यासारखे वाटते, आणि साध्या भिंगाला होकार देताना त्याला अपराधी वाटते. त्याला मी सांगते की साधे भिंग दुय्यम नाही. दूरचे जितके लख्ख ते दाखवते तितके दुसरे कोणतेही दाखवत नाही. एका डोळ्याचा नंबर दूरचा आणि दुसऱ्याचा पाऊण-एक डायऑप्टर जवळचा ठेवण्याची युक्तीही नेत्रतज्ज्ञ करतात. त्यात साधीच भिंगे वापरून भाकरी आणि तुरीचे ताट चष्म्याविना दिसू शकते. गाणगापूरला जाऊन पोथी वाचायची, तर अडीच नंबरची चाळिशी पिशवीत असली म्हणजे झाले. आणि आई स्वतः म्हणाली, "मला चष्मा नकोच, खळं दिसलं तरी चालेल," तर तेही तितकेच ग्राह्य आहे. प्रश्न मात्र तिलाच विचारायचा, मुलाला नव्हे.

आपल्याकडे येणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तक्रार घेऊन आले, तर एक सावधगिरी घ्यावी. भिंगामागची पिशवी पुढे गढूळ होते तेव्हा लेसरने तिला छिद्र पाडतात. बहुकेंद्री भिंगाचा रुग्ण सुरुवातीपासूनच असमाधानी असेल, तर घाईने लेसर करवून घेऊ नये. छिद्र पडल्यावर भिंग बदलणे फार अवघड होते. प्रथम मूळ शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे परत पाठवावे. भिंगाच्या खोक्यात एक चिकटपट्टी असते, तिच्यावर भिंगाचे नाव, शक्ती व अनुक्रमांक छापलेला असतो. ती रुग्णाच्या कागदांवर लावलेली आहे ना, एवढे पाहावे, आणि तो कागद रेशनकार्डासोबत ठेवायला सांगावा. दहा वर्षांनी दुसऱ्या डोळ्याची वेळ येईल तेव्हा पहिल्यात काय बसवले होते, हे आजींना आठवणार नाही, आणि मुलालाही नाही.